साखरपुडा झाला की बघू

हे सगळं २०२३ साली घडलं. तेव्हा मी चौऱ्याहत्तर वर्षांची होते आणि माझा धाकटा भाऊ पद्माकर सहासष्टचा. म्हातारपणी दोघंही सिंगापूरला, यिशुनमध्ये येऊन पडलो होतो. मी माझ्या मुलाकडे, शैलेंद्रकडे; तो दोन ब्लॉक पलीकडे त्याच्या मुलाकडे, उल्हासकडे. सकाळी खाली भेटायचं, दोन फेऱ्या मारायच्या आणि आमच्या कऱ्हाडमधली कोण कोण माणसं अजून जिवंत आहेत याचा हिशेब लावायचा, असा आमचा दिनक्रम होता.

पद्माकर आयुष्यभर सहकारी बँकेत होता. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. दारूच्या बाबतीत तर तो इतका कडक, की कुणी चॉकलेटचा डबा पुढे केला तर आत काही भरलेलं नाही ना, हे विचारून मगच हात लावायचा. शैलेंद्र त्याला ‘दारूबंदी मंत्री’ म्हणायचा. पद्माकर हसायचा, पण चॉकलेटबद्दल विचारायचं सोडायचा नाही. त्याचं कारण मला आणि त्याला, दोघांनाच ठाऊक होतं.

आमचे अप्पा १९६६ साली पोट फुगून गेले. कोर्टात कारकून होते. घशाखाली दारूचा थेंब उतरला नव्हता; गोडाचा मात्र भारी नाद, आणि मधुमेह. वैद्यांनी त्यांना कुमारी आसव दिलं होतं. आई रिकाम्या बाटल्या धुऊन परसातल्या कठड्यावर उपड्या घालायची, आणि गल्ली त्या बाटल्या बघायची. अप्पा गेल्यावर समाचाराला आलेल्या बायका आईला धीर द्यायच्या सोडून एकमेकींकडे बघायच्या. पुढे आई कुणी विचारलं नसतानाही मध्येच म्हणायची, ‘आमच्या ह्यांनी कधी घेतली नाही हो.’ मरेपर्यंत म्हणत होती. पद्माकर तेव्हा नऊ वर्षांचा. शाळेतून येताना पोरं त्याच्या मागून झोकांड्या देत चालायची. तो मागे वळून बघायचा नाही. घरी येऊन दप्तर ठेवायचा आणि कोपऱ्यात बसायचा.

आता उल्हासबद्दल. त्याची कंपनी युरोपातली, इथलं ऑफिस पाया लेबारला. तिकडच्या देशांमधल्या लोकांचे लिव्हरचे आजार बळावण्याआधीच शोधून काढायचे, हे तिचं काम. स्पेन, डेन्मार्क, जर्मनी अशा ठिकाणी फॅमिली डॉक्टरांकडे ज्या नोंदी असतात, त्यातून डायबेटिस असलेली, पोट सुटलेली माणसं हुडकायची, त्यांना बोलावून घ्यायचं आणि तपासायचं. ते हुडकण्याचं सॉफ्टवेअर उल्हासच्या टीमनं बनवलेलं. जेवताना दुसरा विषय नसायचा. ‘आत्या, लिव्हर मुकं असतं,’ असं तो मला नेहमी सांगायचा. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. आणि लोकांना वाटतं फक्त दारूनं होतं, पण साखरेनं आणि पोटावरच्या चरबीनंसुद्धा होतं. हे ऐकताना मला अप्पा आठवायचे. वाटायचं, आपल्याच घरात कुणीतरी हे शिकलं, बरं झालं. आई असती तर तिला ऐकवलं असतं.

जूनमध्ये त्याच्या ऑफिसात युरोपातली साहेबमंडळी यायची होती. त्यांच्यासमोर नवीन मशीन दाखवायचं होतं, त्याची रंगीत तालीम म्हणून एका शनिवारी उल्हासनं घरच्यांनाच बोलावलं. त्याला पडून राहायला माणसं हवी होती. येण्याआधी तीन तास काही खायचं नाही, एवढीच अट. बिशानला मेट्रो बदलून आम्ही पोचलो: मी, पद्माकर, उल्हासची बायको नीता, मुलगी कादंबरी आणि तिचा अनीश. कादंबरी इथेच वाढलेली, अनीशही इथलाच. दोघांचं कॉलेजात जमलेलं आणि घरच्यांनी मान्य केलेलं. साखरपुडा दसऱ्याला ठरला होता.

गाडीत पद्माकर मला म्हणाला, “ताई, तुझं लिव्हर लोखंडाचं निघणार. साठ वर्षं माझ्यावर रागावून कडक झालेलं.”

मशीन साधंच होतं. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे घ्यायचा. फासळ्यांवर गार जेल लावून एक दांडा टेकवतात, तो टिचकी मारल्यासारखा ठकठक करतो, आणि लिव्हर किती कडक झालंय ते पडद्यावर आकड्यात येतं. मशीन चालवणारा अंकुर उल्हासच्या हाताखालचा, नागपूरचा मुलगा. त्यानं आधीच सांगून ठेवलं की सहाच्या आत आला तर छान. माझा पाच आला. नीताचा साडेपाच. पद्माकरनं मला वाकुल्या दाखवत शर्ट वर केला.

त्याचा एकवीस आला.

अंकुरनं दांडा जरा सरकवून पुन्हा घेतला. बावीस. पुन्हा घेतला. एकवीस. पद्माकर पडल्या पडल्या विचारत होता, “किती आला रे? ताईपेक्षा जास्त ना?” अंकुर उल्हासकडे बघत होता. अनीश पडद्याकडे. उल्हासनं पुढे होऊन पडदा स्वतःकडे वळवला.

“बाबांनी येताना केळं खाल्लंय,” तो म्हणाला. “खाल्लं की आकडा चढतो. एव्हरीथिंग नॉर्मल.”

केळं खाल्लं होतं हे खरं. बिशानला उतरल्यावर मधुमेहानं त्याला घेरी आल्यासारखं झालं, म्हणून नीतानंच दिलं होतं. अंकुर हळूच म्हणाला, सर, केळ्यानं इतका फरक पडत नाही, उपाशीपोटी पुन्हा घेऊ या आणि रक्तही तपासू या. पुढच्या आठवड्यात घेऊ, असं म्हणून उल्हासनं सगळ्यांना खाली कॉफी प्यायला नेलं. तिथे त्यानं क्रीमचा केक मागवला आणि बापासमोर ठेवला.

पुढचा आठवडा आला आणि गेला. मी विचारलं, तर साहेब आलेत, गडबड आहे. साहेब गेल्यावर विचारलं, तेव्हा नीता मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, बोलणं अगदी मोजून मापून.

“आत्या, एकदा डॉक्टरांनी सिरॉसिस म्हटलं की ते लपत नाही,” ती म्हणाली. “विनीताताईंच्या कानावर जाणार. त्या काय समजतील? एक तर माणूस पितो, नाही तर घराण्यातच रोग आहे. साखरपुडा झाला की बघू ना. चार महिन्यांनी काय होतंय?”

विनीताताई म्हणजे अनीशची आई. उल्हास तिथेच फ्रिजला टेकून फोन बघत उभा होता. मी त्याला म्हटलं, तिकडे स्पेनमधल्या कुणा अनोळखी म्हाताऱ्यासाठी एक महिना उशीर म्हणजे गुन्हा असं तूच सांगतोस ना. तो म्हणाला, आत्या, ते पॉप्युलेशन लेव्हलला असतं. म्हणजे काय ते मला आजवर कळलेलं नाही. तो ते किती सहज बोलला, एवढं मात्र लक्षात राहिलं.

मी पद्माकरला सांगितलं नाही असं नाही. एकवीस म्हणजे काय ते त्याला स्वच्छ सांगितलं. त्याला घेऊन पॉलिक्लिनिकच्या, इथल्या सरकारी दवाखान्याच्या, दारापर्यंत गेले. दारातून तो मागे फिरला. “ताई, उल्हासचा रोजचा धंदा आहे तो. जास्त काय ते त्यालाच कळणार ना? तो काही नाही म्हणतोय.” मुलाचा अभिमान असा असतो, त्याच्यापुढे बहीण काय सांगणार. शैलेंद्रला सांगितलं, तर तो त्या महिन्यात जुरोंग आयलंडवर त्याच्या रिफायनरीच्या शटडाउनमध्ये अडकलेला, पहाटेची कंपनीची बस आणि रात्री झोपायला घरी. तरी त्यानं उल्हासला फोन केला. उल्हास त्याला म्हणाला, मी मॉनिटर करतोय.

मॉनिटर म्हणजे काय, ते मी ऑगस्टमध्ये पाहिलं. गेले तर नीता पद्माकरला एका बाटलीतून चार चमचे काढून देत होती. वास आला आणि माझे पाय दारातच थांबले. सत्तावन्न वर्षं झाली, तरी तो वास मी विसरलेले नाही. गूळ आंबल्याचा, गोडसर, नाकात चढणारा. नीतानं माहेराहून पुण्याच्या वैद्यांकडून लिव्हरचं टॉनिक म्हणून कुमारी आसव मागवलं होतं. दिवसातून दोनदा, समभाग पाणी घालून.

मी नीताला म्हटलं, अगं, आसव आंबवून करतात. त्यात आपोआप दारू तयार होते. कडक झालेल्या लिव्हरवर तू हे ओततेस? ती म्हणाली, आयुर्वेदात साइड इफेक्ट नसतात. उल्हासला विचारलं, तर तो म्हणाला, प्रमाण नगण्य आहे. आणि पद्माकर? तो चमचा चाटून म्हणाला, “अप्पांचंच औषध आहे गं.” जो माणूस चॉकलेटसुद्धा विचारून खायचा, त्याला सून वाटीत घालून ते पाजत होती, आणि मुलगा, ज्याला जगातल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळतं, तो बघत होता. का, तर कुणी हा माणूस पितो म्हणू नये म्हणून. मी त्या घरी चहा घ्यायचं बंद केलं.

सप्टेंबरात पद्माकरच्या पायांवर सूज आली. दुपारभर झोपायचा आणि रात्रभर जागा. सकाळच्या फेरीत एकच गोष्ट तीनदा सांगायचा. एकदा लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरून दुसऱ्याच्या दाराशी किल्ली लावत बसला. उल्हास म्हणाला, वय झालं.

दसऱ्याला साखरपुडा. अनीशकडच्या कॉन्डोमधली, म्हणजे त्यांच्या खाजगी सोसायटीतली, फंक्शन रूम घेतली होती. काचेच्या भिंती, बाहेर पोहण्याचा तलाव, आत झेंडूच्या माळा. साठेक माणसं, बहुतेक पुण्या-मुंबईची, कुणी बँकेतली, कुणी सॉफ्टवेअरमधली. अंकुरही आला होता. दूर कोपऱ्यात ताट धरून उभा होता, माझी नजर चुकवत. सकाळी नीतानं पद्माकरला अंगात ताकद यावी म्हणून आसवाचा दुप्पट डोस दिला होता. हे तिनंच मला कौतुकानं सांगितलं.

मुलीकडचा वडीलधारा म्हणून अनीशला टिळा लावून नारळ द्यायचा मान पद्माकरचा. तो उभा राहिला तोच झोकांडत. बोट कुंकवात बुडवलं आणि अनीशच्या कपाळाऐवजी कानाजवळ ओढलं. लोक हसले, आजोबांना गहिवरून आलंय असं त्यांना वाटलं. मग नारळ घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढे केले, तर पंजे मनगटापासून फडफडत होते, पंख मारल्यासारखे. नारळ निसटून फरशीवर आपटला. पद्माकरनं अनीशच्या खांद्यावर हात ठेवला आणि जड झालेल्या जिभेनं विचारलं, “माझी सायकल कुठे लावलीस? कोर्टात डबा द्यायचाय अप्पांना.”

आता कुणी हसलं नाही. विनीताबाई त्याला धरायला पुढे झाल्या, त्याच्या तोंडाजवळ गेल्या आणि मागे सरल्या. मी तिथेच होते. आवाज त्यांनी खालीच ठेवला होता, पण त्या खोलीत तेव्हा सगळंच ऐकू येत होतं.

“उल्हासजी, बाबांनी काही घेतलंय का? वास येतोय.”

मी उल्हासकडे पाहिलं. हात असे फडफडणं, माणसानं असं भ्रमिष्टासारखं बोलणं, याचा अर्थ काय हे त्याच्या व्याख्यानात चित्रासकट असतं. मी स्वतः पाहिलंय. त्याला एका क्षणात कळलं होतं, चेहरा पांढरा पडला होता. त्यानं कोपऱ्यातल्या अंकुरकडे पाहिलं, मग बायकोकडे. मग तो हसला.

“घेतली असेल थोडी,” तो म्हणाला. “नातीचा साखरपुडा, आनंदाचा दिवस.”

पद्माकरला त्या अवस्थेतही हे वाक्य ऐकू गेलं. बाकी काही कळत नव्हतं त्याला. साल कुठलं, गाव कुठलं, काही नाही. पण हे कळलं. त्यानं उल्हासकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही, नाही, अशी. मग तो कोपऱ्यात जायला निघाला.

“पद्माकरनं जन्मात थेंब घेतलेला नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला नव्हता, चढवायची गरजही नव्हती. “त्याचं लिव्हर गेलंय. जूनमध्ये ह्याच्या ऑफिसातल्या मशीनवर दिसलं. ह्यानं लपवलं, का तर हा समारंभ व्हावा. वास येतोय तो ह्याच्या बायकोनं पाजलेल्या औषधाचा. आता तरी कुणी ॲम्ब्युलन्स बोलवा.”

कादंबरी बापासमोर जाऊन उभी राहिली. चिडली की तिच्या तोंडी इथल्या पोरांची इंग्रजी बोली यायची. “यू सेड नॉर्मल. मला म्हणालास नॉर्मल लाह, केळं खाल्लं म्हणून.”

उल्हास म्हणाला, “बेटा, नंतर बोलू.”

अनीश तोवर फोनवर पत्ता सांगत होता. फोन ठेवून त्यानं पद्माकरला खुर्चीत बसवलं आणि मोडक्या मराठीत मला म्हणाला, “आकडा मी पाहिला होता, आजी. मला वाटलं, उल्हासकाकांनी डॉक्टरकडे नेलं असेल. त्यांचंच तर काम आहे ते.”

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाल्या की सिरॉसिस आहे, विष रक्तात साठून मेंदूपर्यंत गेलंय. जूनमध्ये आले असते तर लिव्हर नवीन झालं नसतं, पण इथवर येऊ दिलं नसतं. खाण्यापिण्याला, साखरेला, औषधाला वेळ मिळाला असता. मग त्यांनी विचारलं, काही आयुर्वेदिक घेत होते का. मी कुमारी आसवाचं नाव सांगितलं.

चार दिवसांनी पद्माकर शुद्धीवर आला. उल्हास भेटायला आला की तो डोळे मिटून पडायचा. मला एकदाच म्हणाला, “अप्पांना निदान परक्यांनी म्हटलं होतं, ताई.” मी त्याच्या पायांना तेल लावत बसले.

डिस्चार्ज मिळाल्यावर तो आमच्याकडे आला, शैलेंद्रच्या घरी, तो शेवटपर्यंत. उल्हासकडून त्याचे कपडे आणायला शैलेंद्र गेला. पद्माकर सव्वा वर्ष जगला, आणि बरं जगला. मीठ बंद, साखर बंद, वेळेवर औषधं. डॉक्टरांकडे दर महिन्याला स्वतः आठवण करून जायचा. २०२५च्या जानेवारीत पुन्हा पोटात पाणी झालं, मग तो उठला नाही. अग्नी उल्हासनंच दिला. मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले होते.

विनीताबाई हॉस्पिटलात येऊन पद्माकरला हात जोडून गेल्या होत्या. जाता जाता डॉक्टरांना हे आनुवंशिक असतं का ते विचारूनच गेल्या, स्वभाव तो. पण लग्नाला त्यांनी आडकाठी केली नाही. कादंबरी आणि अनीशनं पुढच्या मे महिन्यात नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. कादंबरीनं बापाला बोलावलं, पण साक्षीदार म्हणून सही आजोबांची घेतली. ती आता इथेच, पुंगोलला राहते.

अंकुरनं त्या दिवाळीनंतर नोकरी सोडली. जाण्याआधी मला भेटायला आला होता आणि बराच वेळ बोलला. मी ऐकून घेतलं. मुलगा वाईट नाही, पण जूनमध्ये हळूच बोलून थांबला नसता तर बरं झालं असतं, हे मी त्याला सांगितलं. तो सध्या नागपुरात असतो.

नीता बँकेतच आहे. दिवाळीला फराळाचा डबा पाठवते, मी तो तसाच शेजारच्या तमिळ बाईंना देते.

उल्हासला बढती मिळाली. आता तो बार्सिलोनाला असतो, तिकडच्या लोकांची लिव्हरं वेळेवर शोधून काढतो. कुणीतरी मला त्याच्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला. त्यात तो म्हणतो, माझ्या स्वतःच्या वडिलांना हा आजार होता, म्हणून मी हे काम मनापासून करतो. सभागृह टाळ्या वाजवतं. मी व्हिडिओ अर्ध्यात थांबवून फोन परत दिला.

शैलेंद्रनं स्वतःची तपासणी करून घेतली. त्याच्याही लिव्हरवर चरबी निघाली, पण सुरुवातीची. आता खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यांवरचं तळलेलं बंद आहे, रोज संध्याकाळी चालायला जातो आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून येतो. मीच त्याला तारखेची आठवण करते.

मी सत्त्याहत्तरची आहे. तब्येत ठीक आहे. उल्हास रविवारी फोन करतो. मी उचलत नाही.